खडकावरचा शेंदूर

बाईंच्या मनगटाला घड्याळ असे, पण त्या बघत कॅलेंडरमधली तिथी. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास समुद्राचं पाणी लांब मागे जातं आणि एरवी न दिसणारे खडक उघडे पडतात. अष्टमीला ते जेमतेम हलतं. दंतवैद्याची वेळ, बँकेतलं काम, पाहुण्यांचं जेवण, बाई सगळं त्यावरून ठरवत. त्यांच्या भाचीचं लग्न परळच्या एका हॉलमध्ये संध्याकाळचं होतं. बुद्धवंदना चालू असताना बाई पहिल्या रांगेतून उठल्या, माझ्या कानाशी वाकून म्हणाल्या, "पाणी उतरायला लागलं. आलेच," आणि निघून गेल्या. जेवणाच्या वेळी परतल्या तेव्हा नव्या साडीला घोट्याच्या वरपर्यंत चिखल होता.

भाची म्हणाली, "मावशी, लग्नातून नवरा पळालेला ऐकलाय. मावशी पळालेली आमच्याकडेच."

"फोटोत आहे ना मी? मग झालं," बाई म्हणाल्या, आणि लगेच चेहरा पडला. "वाईट नाही ना वाटलं तुला? खरं सांग. नवऱ्याकडच्यांनी काही विचारलं का?" त्यानंतर रात्रीपर्यंत त्या तेवढ्याच काळजीत होत्या.

बाई गेल्या त्याला एक पावसाळा होऊन गेला. त्यांच्याविषयी चार पानं लिहावीत असं भाचीनेच सुचवलं. माझा हात हळू चालतो. आयुष्य दुसऱ्यांची पुस्तकं जागच्या जागी लावण्यात गेलं. स्वतःचं वाक्य कुठल्या फळीवर ठेवायचं हे चटकन कळत नाही.

दादरच्या आमच्या कॉलेजात मी ग्रंथपाल होतो आणि त्या प्राणिशास्त्र शिकवत. "काळजी हा माझा विषय," त्या म्हणत, "प्राणिशास्त्र पोटापाण्याला." ते खोटं नव्हतं. त्या दोन छत्र्या बाळगत, एक उलटी झाली तर दुसरी असावी म्हणून. लिफ्टमध्ये शिरण्याआधी लिफ्टमनला दोर कधी बदलला ते विचारत. वर्गातला एखादा मुलगा लागोपाठ दिसला नाही, की पत्ता काढून लालबागला नाही तर काळाचौकीला त्याच्या घरी जाऊन उभ्या राहत. आणि चालताना कुणीही बरोबर असो, प्राचार्य असोत की भाजीवाली, मध्येच हात आडवा घालून म्हणत, "पाय बघा." खाली कधी मुंग्यांची रांग असे, कधी गोगलगाय, बऱ्याचदा काहीच नसे.

निवृत्तीनंतर ही सगळी काळजी एका खडकावर येऊन बसली.

आमच्या कॉलेजपासून बसने थोडं पुढे, टॉवरांच्या मागे, एक लहानसा कोळीवाडा आहे. त्याच्यासमोर ओहोटीला काळा खडक उघडा पडतो. पूर्वी त्या खडकावर कालवं दाटीने असत. कालव म्हणजे दगडाला घट्ट चिकटून राहणारा शिंपला. कोळणी ओहोटीला कोयती घेऊन जात, तो जागेवरच फोडून आतला गर डब्यात भरत. पुढे पाणी मळलं, गाळ आला, आणि उरलेली कालवं वाढायच्या आत फोडली जाऊ लागली. खडक बोडका झाला. कालवं गेली की खेकडे जातात, बारकी मासळी जाते, आणि पाणी गाळणारं कुणी उरत नाही. बाई हे सांगताना हात चोळत, जणू घरातलंच कुणी आजारी आहे.

त्यांचा उपाय साधा होता. कालवाचं पिल्लू सुरुवातीला पाण्यात तरंगत असतं आणि बसायला टणक जागा शोधतं. जुन्या शिंपल्यावर बसायला त्याला फार आवडतं. तेव्हा शिंपले परत समुद्रात न्यायचे, जाळ्याच्या तुकड्यांत भरून खडकाला बांधायचे, आणि पिल्लं मोठी होईपर्यंत तिथे कुणी कोयती लावायची नाही.

शिंपले कुठून आणायचे? लालबाग-परळच्या मालवणी खानावळीतून. तिसऱ्यांचं, म्हणजे बारक्या शिंपल्यांचं, कालवण खाऊन लोक उठले की टरफलं बाईंसाठी वेगळी ठेवली जात. "बाई, तुमचा खुराक ठेवलाय," गल्ल्यावरचा माणूस ओरडे. त्या स्वतः शिंपल्यातलं काही खात नसत. "ओळखीच्यांना कसं खायचं?" म्हणत. ही टरफलं उन्हात चांगली वाळवावी लागतात, नाहीतर एकीकडचा रोग दुसरीकडे जातो. कॉलेजची गच्ची त्यांना अजून मोकळी होती. पण रात्री पोती ठेवायची कुठे? ती माझ्या ग्रंथालयात आली, संतसाहित्याच्या कपाटामागे. वाचायला बसलेली मुलं वर बघून विचारत, "सर, सुकट कुणी आणलीय का?" बाई रोज दुपारी फोन करत, "मागची भिंत ठीक आहे ना हो? ओल नाही ना धरली? पुस्तकांना काही झालं तर मी कुणाला तोंड दाखवू?"

एकदा प्राचार्य आत आले आणि नाकाला रुमाल लावून म्हणाले, "हा कसला वास?"

"समुद्राचा, सर," बाई म्हणाल्या. "आपण त्याच्याच जागेत बसलोय."

खडकाचं खरं काम मात्र ना बाईंच्या हातात होतं ना माझ्या. ते कोळीवाड्यातल्या बायकांच्या हातात होतं, आणि त्या बायका जमनामावशीच्या शब्दात होत्या. जमनामावशी बाईंच्याच वयाची. आवाज असा की पलीकडच्या होडीतला माणूस वळून बघे. बाईंना ती "बाय" म्हणे, एकेरीत. मला पहिल्या दिवसापासून "लायब्ररी".

"बाय, तू सांगतंस दगडाला हात नाय लावायचा," ती पहिल्या बैठकीत म्हणाली. "आनि थंडीत आमी काय खायाचा? तुजी पुस्तकां?"

"तेवढाच तुकडा, जमना. देवळापासून त्या मोडक्या खांबापर्यंत. बाकीचा तुमचा."

"आनि नाय आली कालवां तर?"

दुसरं कुणी असतं तर येतील म्हणून ठासून सांगितलं असतं. बाई म्हणाल्या, "नाही आली तर मला तुमच्यासमोर यायची लाज वाटेल. पण येतील की नाही, मला नक्की माहीत नाही. मला झोप येत नाही त्याने."

बायका हसल्या. जमनामावशी हसली नाही. "ही खोटां नाय बोलत," ती बाकीच्यांना म्हणाली, आणि जुन्या जाळ्यांचे तुकडे ओसरीवर आले. बायका जाळी शिवत, बाई शिंपले भरत, मी गाठी मारी. माझ्या गाठी जमनामावशी न बोलता सोडून पुन्हा मारी.

वस्तीने शब्द पाळला. बाहेरच्यांनी नाही. कुणी गळ टाकायला येत, कुणी स्क्रू ड्रायव्हरने शिंपले उपटून पिशवीत भरत. बाईंनी तीन भाषांत पाटी लावली. तिच्यावर कुणी टॉवेल वाळत घातला. दुसरी लावली, ती गेलीच. तेव्हा जमनामावशी म्हणाली, "पाटी कोन वाचतो गो? शेंदूर लाव. शेंदूर समद्यांना वाचता येतो. कोन पाय नाय ठेवनार."

बाईंचा चेहरा मी त्या दिवशी पाहिला. त्यांचे वडील गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर त्यांनी चाळीतल्या खोलीतले देव एका फडक्यात बांधले आणि दादरच्या चौपाटीवर जाऊन पाण्यात सोडले. बाई तेव्हा आईच्या कडेवर होत्या. त्यांना ते आठवत नव्हतं, पण घरात ते इतक्या वेळा सांगितलं गेलं होतं की त्या आठवल्यासारखं सांगत: वडील गुडघाभर पाण्यात उभे, आणि आई काठावर रडतेय, कारण तिला भीती वाटतेय.

"जमना," बाई हळू म्हणाल्या, "माझ्या बापाने घरातले देव ह्याच समुद्रात सोडले. आणि मी त्यातूनच नवा काढू?"

"तू नको काढू. मी काढते."

बाई नको म्हणाल्या. पण पुढच्या अमावस्येला आम्ही गेलो तेव्हा मधल्या उंच खडकाला शेंदूर लावलेला होता, वर दोन चांदीचे डोळे. बाई बराच वेळ त्याच्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या. मग वाकून त्यांनी जवळच्या जाळीतला एक शिंपला बोटाने चाचपला आणि मला हाक मारली. शिंपल्यावर मोहरीएवढे ठिपके होते. पिल्लं बसली होती.

"पुसायला सांगायचं का?" मी विचारलं.

"आता?" त्या म्हणाल्या. "आता कसं सांगू हो?"

शेंदराने काम केलं. खडकाला कुणी हात लावेना. मोहरीचे ठिपके नखाएवढे झाले. बाईंना मात्र चैन नव्हतं. संध्याकाळी फोन येई, "मी वडिलांना फसवलं का हो?" मी म्हणे, नाही. "की कालवांना फसवतेय?" त्याचं उत्तर थोड्याच दिवसांत खडकावरच मिळालं.

कुणाचा तरी नवस फळला. कुणीतरी डोळ्यांचा फोटो मोबाइलवर फिरवला. ओहोटीला दर्शन देणारी, भरतीला पाण्यात जाणारी देवी! खडक उघडा पडायच्या पुढच्या मंगळवारी माणसं आली, त्याच्या पुढच्याला त्याहून जास्त आली. नारळ फुटू लागले. तेल, दही, हार, प्लास्टिकच्या पिशव्या. आणि पाय. ज्या जागी कुणी पाय ठेवू नये म्हणून देवी बसवली, तिथेच तिच्या पाया पडायला शेकडो पाय येऊ लागले. नखाएवढी कालवं बुटांखाली करकर वाजत फुटत. जमनामावशीला आधी आपली देवी नावारूपाला आली याचा अभिमान वाटला. मग एका ओहोटीला फुटलेल्या शिंपल्यांचा चुरा तिने ओंजळीत उचलला आणि बाईंपुढे धरला.

बाई अशा प्रत्येक मंगळवारी पहाटे जाऊन रांगेच्या कडेला उभ्या राहत, दोन्ही छत्र्या घेऊन. एकीने वाट दाखवत, दुसरी आडवी धरत. "पाय बघा, पाय बघा हो, इकडून." पांढरी साडी, पिकलेले केस, हातात काठीसारखी छत्री. लोकांना वाटलं, ह्याच देवीच्या सेवेकरी. एका जोडप्याने त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. एका बाईने नारळ हातात दिला आणि लेकीच्या लग्नाचं कधी जमेल ते विचारलं. बाईंनी तो नारळ तसाच धरून माझ्याकडे पाहिलं. इतकं असहाय मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. आणि मला हसू येत होतं, ते मी आवरलं.

अशाच पुढच्या मंगळवारच्या आदल्या दिवशी, सोमवारी सकाळी, त्या जमनामावशीच्या ओसरीवर गेल्या, मी मागोमाग. "जमना, उद्या पुन्हा लोक येतील. आहेत तेवढीही राहणार नाहीत. मी पुसते तो शेंदूर."

जमनामावशी मासळीची पाटी विसळत होती. तिने हात थांबवले. "तू? तू पुसलंस तर समदी सांगतील, कोनी पुसला, कुठल्या समाजाच्या बायनं पुसला. तुजी हाडां नाय ऱ्हायाची. आमची वस्ती पन जलंल."

"मग?"

"मी लावला. मीच काढनार." मग तिचा आवाज बारीक झाला. "पन किसन दर्यात हाय गो."

किसन तिचा मुलगा. आदल्या दिवशी होडी घेऊन गेला होता, दुपारपर्यंत यायचा होता. ज्या खडकाला तिने आई म्हटलं तो उघडा करायचा, आणि तेही पोरगा पाण्यावर असताना.

"तो येईपर्यंत थांबू," बाई म्हणाल्या.

"दुपारी पानी चढंल. उतरंल तवर काळोख. मग डायरेक उद्या, लोकांच्या समोर." ती उठली. "चल."

तिने वाळू आणि काथ्या घेतला, खण-नारळ घेतला, एक ताट घेतलं. खडकाजवळ गेल्यावर तिने ओटी भरली, पायथ्याचा एक गुळगुळीत गोटा उचलला आणि म्हणाली, "आये, हिते गर्दी फार झाली. चल माज्या घरी." तो गोटा ठेवायला ताट कुणी धरायचं? बरोबर आलेल्या वस्तीतल्या दोघी मागे सरल्या. मी हात पुढे केला, पण बाईंनी मान हलवली आणि ताट स्वतः धरलं. जमनामावशी चांदीचे डोळे काढून वाळूने दगड घासत होती. लाल पाणी तिच्या कोपरापर्यंत आलं होतं. बाई ताट दोन्ही हातांत धरून, पायाखालची कालवं चुकवत, एका जागी ताठ उभ्या होत्या. पुढे कधीतरी मी विषय काढला तेव्हा म्हणाल्या, "ताट स्टीलचं होतं. स्टीलचं ताट मी धरू शकते."

दुपार झाली. बाकीच्या होड्या आल्या, किसनची आली नाही. फोन लागेना. उत्तरेकडून वारा वाढला होता. बाई ओसरीवर बसून राहिल्या. घरी चला म्हटलं तर ऐकेनात.

"कोप वगैरे काही नसतं," त्या मला म्हणाल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "पण वारा असतो."

आत जमनामावशी देव्हाऱ्यासमोर बसली होती.

"एकामागून एक दोन गोष्टी घडल्या म्हणून एकीमुळे दुसरी होत नाही, हे मी किती वर्षं मुलांना शिकवलं," बाई म्हणाल्या. "पण तो आला नाही, तर तिला हे कोणत्या तोंडाने सांगू? तिने माझ्यासाठी केलं हो." त्या रात्री त्या तिथेच राहिल्या, जमनामावशीच्या शेजारी चटईवर.

मंगळवारी सकाळी मी पोचलो तेव्हा माणसं जमली होती. शेंदूर पुसलेला खडक बघून आवाज चढत होते. होडीची बातमी वस्तीतून बाहेर गेली होती. "देवी काढली ना, मग हेच होणार!" कुणीतरी म्हणालं. एक गळ्यात भगवा रुमाल घातलेला माणूस पुढे आला. "कुणी काढली? नाव सांगा."

बाई उठल्या. "हे बघा, मी—"

जमनामावशीने त्यांचं मनगट इतक्या जोरात धरलं की बांगडी वाकली. "मी काढली," ती त्या माणसावर ओरडली. "माजी आय हाय, माज्या घरात हाय. भरतीला तिचे पाय भिजत, तू येत व्हतास काय पुसायला? दर्शन पायजे तर चपला काढ नि रांगेत ये. नायतर घरी जा. माजा पोर दर्यात हाय, मना तुज्याशी भांडायला टाइम नाय."

माणूस एक पाऊल मागे गेला. शेवटचं वाक्य ऐकून बाकीचेही समुद्राकडे बघू लागले.

ऊन चढलं तेव्हा दुसऱ्या होडीने ओढत आणलेली किसनची होडी दिसली. इंजिन बंद पडलं होतं, एवढंच. किसन उतरला, गर्दी बघून गोंधळला. "आये, काय झाला? देवी कुठं गेली?"

"घरात हाय. पाय धू नि जेव."

बाई त्याच्याकडे गेल्या. मला वाटलं, जवळ घेतील. त्या म्हणाल्या, "इतका उशीर?" आणि तिथेच वाळूत खाली बसल्या.

काही मंगळवार लोक जमनामावशीच्या घरी आले, मग कमी झाले. निम्मी कालवं गेली होती. उरलेली वाढली, त्यांच्या पाठीवर नवी बसली. पण बाईंची काळजी काही कमी झाली नाही. शेवटच्या आजारात, परळच्या हॉस्पिटलात, नळ्या लावलेल्या असताना त्यांनी मला विचारलं, "आज तिथी काय?" मी सांगितली. "मग उघडा पडला असेल," त्या म्हणाल्या. "कुणी आहे ना तिथे?"

समुद्रात काही टाकायचं नाही, राखसुद्धा नाही, असं त्यांनी भाचीला बजावलं होतं. ती राख चाळीच्या आवारात लावलेल्या झाडाच्या मुळाशी गेली. जमनामावशीला ते लागलं. "माज्याकडं नाय दिली," एवढंच ती म्हणाली, आणि तोंड फिरवलं.

पावसाळा संपल्यावर मी तिच्याकडे गेलो. एकट्याने जायची भीती वाटत होती. बाई नसताना खडक कोयतीला मोकळा करायचं बायकांनी ठरवलं असेल, असं मनात घोळत होतं. तिने मला आत बसवलं.

"यंदा पन नाय फोडायची," मी विचारायच्या आधीच ती म्हणाली. "समद्यांनी ठरवला. पुढचा पुढं बघू. तोंड कशाला असा केलंस, लायब्ररी? अगदी बायसारखा दिसतंस."

मी देव्हाऱ्याकडे पाहिलं. ताटातून आणलेला तो गोटा तिथे होता, शेंदूर लावलेला. त्याच्या शेजारी कालवाचा एक मोठा शिंपला होता, आणि त्यावर कुंकवाचं ताजं बोट.

"हे काय?"

"बाय."

"मावशी, अहो, बाईंना हे—"

"ठाव हाय मना." तिने पदराचं टोक तांब्यातल्या पाण्यात बुडवलं, शिंपला उचलला आणि कुंकू पुसून काढलं, कडेच्या खाचांतूनही. मग तो पुन्हा जागेवर ठेवला. "सकाळी लावते. माजा जीव ऱ्हात नाय. मग तिचा तोंड आठवते, नि पुसते."

"रोज?"

"रोज." ती स्टोव्हकडे वळली. "बस, च्या ठेवते. पाय बघ, खाली कोयती हाय."